मास्तरांचं निम्मं पोट

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचं शिवणकामाचं दुकान आहे. चाळीस वर्षांत त्यांनी माया न सोडता एकही पँट शिवली नव्हती. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. माणूस अंगाने सुटला, की उसवून मोकळं करता येतं.

जेवल्यावर पोट जड वाटतं, म्हणून त्यांनी तपासणी करून घेतली. स्कॅनमध्ये लिंबाएवढी गाठ दिसली.

"जठराच्या भिंतीतली वाटते," सर्जनबाई म्हणाल्या. "कॅन्सर असू शकतो. जठराचा भाग काढावा लागेल. कदाचित निम्मा."

"म्हणजे कमरेत किती इंच?"

बाईंना प्रश्न कळला नाही. "आधी ऑपरेशन होऊ द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मास्तरांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि स्वतःच्या सहाच्या सहा पँटी कमरेत चार चार इंचांनी आत घेतल्या. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या, तेव्हा ते उरलेली माया कापून टाकत होते.

"अहो, कापताय कशाला? दुमडून ठेवा की."

"निम्मं पोट परत उगवतं का?"

"डॉक्टर कधीपासून झालात?"

"डॉक्टर नसेन. माप मला कळतं."

कात्री वाकडी जाताना वहिनींनी प्रथमच पाहिली आणि कप मशीनवर ठेवून त्या शेजारी बसल्या.

पोट उघडल्यावर निराळंच दिसलं. गाठ जठराची नव्हतीच. बाहेरून त्याला चिकटून बसली होती. बाईंनी ती अलगद सोडवून काढली आणि तपासणीला पाठवली. जठराला धक्काही लागला नाही. निकाल मात्र आठ दिवसांनी कळणार होता.

घरी सोडण्याच्या दिवशी पँट मांडीपाशीच अडली. एका बाजूने वहिनी, दुसऱ्या बाजूने नर्स.

"श्वास आत घ्या," नर्स म्हणाली.

"घेतलाय."

"मग पोट कुठं ठेवलंय?" वहिनींनी विचारलं.

"जागच्या जागी. तेच तर झालंय."

"हसवू नका गं, टाके ओढतात," असं म्हणत मास्तरच सर्वांत जास्त हसले आणि वॉर्डातल्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात घरी गेले. पुढचे दिवस कॅन्सरचं नाव कोणी काढलं नाही. जेवण मात्र दोघांनाही जाईना.

आठव्या दिवशी बाईंनी कागद दोनदा वाचला.

"कॅन्सर नाही. अंगात जागोजागी बारीक लसिकाग्रंथी असतात, त्यांतली एक वाढून बसली होती, निरुपद्रवी. फार दुर्मीळ, मीही पहिल्यांदाच पाहिली. पूर्ण निघाली आहे, औषधसुद्धा नको."

"बघा," वहिनी म्हणाल्या, "ह्यांना गाठसुद्धा तयार मापाची चालली नाही."

"वर्षभराने एकदा दाखवून जा."

"कधी?" मास्तरांनी विचारलं.

"वर्षभराने."

"कधी म्हणालात?"

"ऐकू कमी येतं का ह्यांना?" बाईंनी वहिनींना विचारलं.

"छे हो. पुन्हा ऐकायचंय त्यांना. सांगून टाका अजून एकदा."

बाईंनी सांगितलं, हसू आवरत.

मास्तरांनी लिफ्टवाल्याला सांगितलं, "वर्षभराने यायचंय मला." औषधांच्या खिडकीपाशी थांबून तिथेही सांगितलं.

"अहो, त्या लोकांना काय करायचंय?" वहिनींनी त्यांना दंडाला धरून पुढे काढलं. फाटकाशी पहारेकरी उभा होता. मास्तर तोंड उघडणार, एवढ्यात वहिनीच त्याला म्हणाल्या, "आम्ही आता एकदम पुढच्या वर्षी."