हरेश्वर आचारी आणि लाहौलचा उतार

थळच्या कोळीवाड्यातल्या हरेश्वरला होडी लागायची. किनारा सुटला की त्याचं पोट ढवळायचं. शेवटी भावांनी त्याला जाळ्यावरून उठवून चुलीपाशी बसवलं. तिथे मात्र त्याचा हात असा बसला की आसपासच्या गावांतली लग्नं त्याच्यावाचून अडू लागली. अशाच एका लग्नात मुंबईचे शिवदास पाठारे जेवले. हिमालयात चढाईला जाणाऱ्या पोरांचे ते म्होरके. १९५८च्या चैत्रात लाहौलला निघताना त्यांनी हरेश्वरला आचारी म्हणून बरोबर घेतलं.

"तिथं होडी न्हाय ना, सायब?" एवढंच त्याने विचारलं.

होडी नव्हती, बर्फ होता. त्याला ठाऊक असलेला बर्फ म्हणजे भाऊच्या धक्क्यावर भुशात मिळणारी लादी. इथे डोंगरच्या डोंगर तो अंगावर घेऊन बसले होते.

पाठाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं. पहाटे बर्फ टणक असतो, तेव्हाच उतार ओलांडायचा. ऊन चढलं की वरचा थर भिजून जड होतो आणि माणसासकट खाली येतो. एकेकाने जायचं, बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची. पाठपिशवीचे पट्टे सैल हवेत, म्हणजे वेळ आली तर पिशवी फेकून देता येते. बर्फाखाली सापडलात तर दोन्ही हात तोंडापुढे धरायचे, श्वासाला जागा राहते. आणि कमरेला लांब लाल दोरी बांधायची, मागे लोळती. माणूस गाडला गेला तरी तिचं टोक वर राहण्याची आशा असते.

"मी काय बोकड हाय?" हरेश्वर कुरकुरला.

"बोकडाला कोण शोधत बसणार?" पाठारे म्हणाले.

एका पहाटे सगळे असा एक उतार सुखरूप ओलांडून पलीकडे आले. तंबू लागले. दुपारी चूल पेटवताना हरेश्वरच्या काळजात धस्स झालं. सुकटीची पिशवी उतार ओलांडण्याआधीच्या खडकावरच राहिली होती.

"उद्या पहाटे आणू," पाठारे म्हणाले आणि तंबूत आडवे झाले.

पण चार दिवस पोरं डाळभात गिळत होती, आणि त्यांची तोंडं बघून आचाऱ्याला लाज वाटत होती. तो हळूच निघाला. नोरबू या तिथल्या हमालाने त्याला अडवून पाहिलं. ऐकत नाही म्हटल्यावर त्याने हरेश्वरच्या कमरेला दोरी बांधली आणि स्वतः बघत उभा राहिला.

जाताना काही झालं नाही. परतताना सुकट पडू नये म्हणून हरेश्वरने पिशवी पाठीशी करकचून आवळली. उताराच्या मध्यावर पोचला आणि वरून ओलं शीड कोसळावं तसा आवाज आला. पायाखालचं सगळंच चालू लागलं. पाठाऱ्यांचं एक सांगणं तेवढं आठवलं, म्हणून त्याने दोन्ही हात तोंडापुढे धरले. मग अंधार. हलता येईना. आजवर आपण किती पापलेटं अशी बर्फात दाबली, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला त्यांची फार दया आली.

नोरबूच्या हाकेने सगळे धावले. वरून आणखी बर्फ येतो का यावर पाठाऱ्यांनी नजर ठेवली, खाली पोरांनी दोरीचं वर राहिलेलं टोक धरून हरेश्वरच्याच परातींनी आणि झाऱ्यांनी उकरलं. हरेश्वर निळा पडून, पण श्वास घेत बाहेर आला. टणक जागी नेऊन त्याला गरम चहा पाजला.

"सुकट आहे?" पाठाऱ्यांनी विचारलं.

"हाय."

"मग कर. शिव्या जेवल्यावर देतो."

त्यांनी दिल्या, आणि पोटभर दिल्या. हरेश्वरने खाली मान घालून ऐकल्या. पोरं मात्र ताटं चाटत होती.

घरी आल्यावर त्याने बायकोला, चंद्राबाईला, सगळं रंगवून सांगितलं. ती रोज थळहून मुंबईला मासळी विकायला जायची आणि बर्फासाठी धक्क्यावर भांडायची. तिने गाडलं जाण्याचा भाग शांतपणे ऐकला.

"यवढा बरफ," ती म्हणाली, "आन् कुनाच्याच मालकीचा न्हाय?"

"न्हाय."

तिने विकायच्या पाटीतली पापलेटं काढून तव्यावर टाकली. मग तिने त्याला जेवायला वाढलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या ताटात दोन पापलेटं पडली.