शेवटच्या ओळीतला ब्रेक

लिफ्टच्या कंपनीत ती बिल्डवाली. प्रोग्रामर मंडळी जे लिहितील ते एकत्र बांधून प्रत्येक मॉडेलच्या लिफ्टची वेगळी फाइल काढणारी स्क्रिप्ट तिच्या ताब्यात. त्या स्क्रिप्टला कुणी हात लावलेला बाईला खपत नसे. पण ती सुट्टीवर काय गेली, शेजारच्या टेबलावरच्या अतिशहाण्यानं नव्या मॉडेलसाठी स्क्रिप्टच्या तळाशी एक ओळ घुसडली, आणि वर तिला सांगितलंही नाही!

नवरा तिथंच मेकॅनिक. फाइल लिफ्टमध्ये चढवली की तो फोनवर ब्रेकचे आकडे वाचून दाखवायचा, ही "हं" म्हणायची, मगच तो लिफ्ट हलवायचा. आज सकाळी मात्र ती भडकली. "माझ्या कामावर भरवसा नाही का तुझा? आजपासून वाचून दाखवू नकोस!" तोही आजची फाइल घेऊन, तोंड फुगवून साइटवर निघून गेला.

दुपारी सहज स्क्रिप्ट चाळताना ती ओळ दिसली. स्क्रिप्टमध्ये मॉडेल हे नुसतं नाव असतं. त्याच्या जागी किंमत, म्हणजे कोणती लिफ्ट ते, भरली जाते ती लिहिताना नव्हे, चालवताना. तोवर खाली कुणी तेच नाव वापरून दुसरी किंमत दिली, की ती शेवटचीच सगळ्यांच्या गळ्यात. अतिशहाण्यानं नेमकं तेच केलं होतं. मॉडेलच्या नावाला 'ब्रेक' हे शेपूट जोडून ब्रेकच्या आकड्यांची फाइल शोधणाऱ्या ओळीनंही मुकाट्यानं सगळ्या लिफ्टना नव्या लिफ्टचे आकडे वाटले होते. जुन्या लिफ्टचा ब्रेक आधीच सुस्त, तो आता उशिरा लागणार होता. आणि नवरा जुन्याच लिफ्टच्या टपावर उभा राहून वरच्या मजल्यापर्यंत जाणार होता. त्याच्या वर काँक्रीटचं छत.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. "उचल ना रे, मेल्या!" ती ऑफिसात सगळ्यांदेखत ओरडली.

"हॅलो, वहिनी? मी वॉचमन. साहेब फोन माझ्याकडे ठेवून आत गेलेत."

"काका, पॅनलचा मोठा स्विच पाडा! आधी पाडा, मग बोला!"

वीज गेली की ब्रेक आपोआप आवळतो, एवढाच तिला आधार होता. पळणारी पावलं ऐकू आली. मग खाडकन आवाज, आणि त्यामागं काहीच नाही. एवढ्या वेळात तिनं सगळे देव पाण्यात घातले.

"कोणी पाडला रे स्विच?" लांबून, खोल आतून नवऱ्याचा आवाज आला. चिडलेला.

त्याला बाहेर काढल्यावर तो फोनवर आला. तिनं सगळं सांगितलं.

"डोक्यावर वीतभर जागा उरली होती," तो म्हणाला. "तूच म्हणालीस ना, वाचून दाखवू नकोस."

तिनं ओळ दुरुस्त केली, फाइल नव्यानं बांधली, पाठवली. तो एकेक आकडा वाचू लागला. सगळे बरोबर होते, पण "हं" काही तिच्या तोंडून फुटेना.

"ऐकतेस ना?"

"परत वाच," ती रडत म्हणाली. "सावकाश वाच."