पुणतांब्याच्या प्लेटा

आई गेली तेव्हा प्रज्ञाला तेहतिसावं लागलं होतं. भामाबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्या नऊ वर्षांत प्रज्ञाला बघायला येणारी माणसं आधी चहा-पोहे घेऊन जात, मग दारातूनच परत जाऊ लागली आणि शेवटी यायचीच थांबली. वडील रंभाजी पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरीला होते, ते ती कॉलेजात असतानाच गेले. धाकटा भाऊ प्रशांत पिंपरीला कारखान्यात लागला आणि तिकडंच त्याचा संसार झाला. आईचं सगळं उरकलं, बुद्धवंदना झाली, पाहुणे पांगले, तेव्हा तो म्हणाला, "ताई, आता इथं एकटी काय करणार? चल तिकडं."

"माझं काम आहे इथं," ती म्हणाली.

काम होतं, हे खरं. नेवाशातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत एक कम्प्युटर होता आणि एक लेझर प्रिंटर. मराठी टायपिंग ती आधीच शिकली होती. मग नगरला जाऊन-येऊन डीटीपी शिकली, कारण आईच्या खाटेपासून न हलता करता येईल असं तेवढंच काम होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळेच्या प्रश्नपत्रिका ती जुळवून द्यायची. छापणारे दुसरेच. त्यांना तिच्याकडचा कागद घेऊन नगर गाठावं लागे. तिथं त्याची फिल्म निघे, फिल्मवरून ॲल्युमिनियमची प्लेट बने, आणि ती प्लेट मशीनवर चढेपर्यंत दोन दिवस मोडत.

१९९५ च्या अखेरीस छगन आला. हा नगरचा माणूस, मोटारसायकलवरून गावोगावच्या छापखान्यांना शाई आणि कागद पुरवायचा. त्यानं पिशवीतून पातळ, दुधाळ रंगाच्या प्लास्टिकच्या शीटांचा गठ्ठा काढला.

"ही प्लेट हाय, ताई. तुमच्या प्रिंटरमधून कागदासारखी काढायची आन् सरळ मशीनवर चढवायची. नगर नको, फिल्म नको."

"आणि छापतं कसं?"

"काळी अक्षरं शाई धरत्यात. बाकीची प्लेट पानी धरती, तिथं शाई बसत न्हाई. एवढंच."

एवढंच नव्हतं. पहिल्या दहा शीटा वाया गेल्या. दोन प्रिंटरमध्ये अडकल्या. एकीवर बारीक काळे ठिपके आले, ते छपाईत माश्यांसारखे उमटले. एका पत्रिकेवर तर गणपतीच्या शेजारी तिच्या अंगठ्याचा ठसा छापून आला, कारण हाताच्या तेलकटपणालाही शाई लागते. सगळ्यात वाईट म्हणजे छापखान्यात दोनशे-तीनशे प्रती झाल्या की अक्षरं उडायला लागत.

तिनं एक गोष्ट हेरली. सकाळी काढलेली प्लेट जास्त टिकते, संध्याकाळची कमी. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडायचं. म्हणजे प्रिंटर पुरेसा तापत नाही, अक्षरांची काळी पावडर प्लेटवर नुसती बसते, पक्की भाजली जात नाही. तिनं विजेची शेगडी लावली, प्लेट दोन्ही हातांनी कडेला धरून वीतभर वर फिरवली आणि सावकाश वीस आकडे मोजले. जवळ नेली तर प्लेट आक्रसायची, लांब धरली तर उपयोग नव्हता. चार दिवसांत तिच्या हाताला ते अंतर कळलं. ती प्लेट तीन हजारांपर्यंत गेली.

छगननंच तिला पुणतांब्याच्या कानिफनाथांशी जोडून दिलं. त्यांचा मिनी ऑफसेटचा एक छोटा छापखाना होता. सकाळच्या एसटीनं त्यांचा मजकूर यायचा. प्रज्ञा तो जुळवायची, प्लेट काढायची, भाजायची, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून सुतळीनं बांधायची आणि दुपारच्या कोपरगाव गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची. "पुणतांबा. मोडू नका," एवढं सांगायची. काही दिवस असे जात की तेवढेच तीन शब्द तिच्या तोंडून निघालेले असत.

तिनं एक अट घातली होती. प्रत्येक कामाची एक छापील प्रत परत पाठवायची, म्हणजे प्लेट कशी उतरली ते कळेल. कानिफनाथ प्रत पाठवायचे आणि तिच्या मागं पेन्सिलीनं शेरा लिहायचे.

"हजार निघाल्या. अक्षर शाबूत."

"मथळा मधोमध फिका. जाड काळं कमी द्या."

"नवरीचं नाव लई झकास आलं."

पहिल्या पावसाळ्यात एका शेऱ्याखाली आणखी एक ओळ आली. "नदी चढली. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या. लाईट न्हाई, मशीन बंद." प्रज्ञानं ती ओळ दोनदा वाचली आणि पुढच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, "पाणी उतरलं का?" उत्तर आलं, "उतरलं. गाळ काढतोय." मग कधी "मंडळीला ताप हुता म्हनून उशीर," कधी "पोराचं लग्न ठरलं, पत्रिका तुमीच करा." पत्रिका तिनं केली. निमंत्रणाची एक प्रत तिच्या नावानं आली, पण ती गेली नाही. कोण म्हणून जायचं, हे तिला ठरवता आलं नाही.

पुणतांबा तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण कुणाचं लग्न कुणाशी झालं, कुणाचं दुकान उघडलं, कुणाचा दशक्रिया विधी कोणत्या दिवशी, हे तिला तिथल्या पोस्टमनइतकं ठाऊक होतं. नेवाशात मात्र तिच्याकडे येणारा माणूस दहा मिनिटं बसायचा, ऱ्हस्व-दीर्घ बघायचा आणि उठायचा. दुपारी एसटी यायच्या वेळी ती पाच मिनिटं आधीच स्टँडवर जाऊन उभी राहायची.

तीन वर्षं असं चाललं. १९९८ च्या दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली आणि पुणतांब्याचं पाकीट आलंच नाही. एक आठवडा तिनं लाईटला बोल लावला. दुसऱ्या आठवड्यात कानिफनाथांची तब्येत तर बिघडली नसेल, असं मनात आलं. तिसऱ्या आठवड्यात तिनं एसटीडी बूथवरून छापखान्याशेजारच्या किराणा दुकानात फोन लावला.

"कानिफनाथ? हायेत की, चांगले हायेत," दुकानदार म्हणाला. "कम्प्युटर घेतला न्हवं त्यांनी. आता सूनबाई घरीच समदं काढती. बोलावू का?"

"नको," ती म्हणाली.

राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. कम्प्युटर सगळेच घेत होते. पण एक ओळ लिहायला काय झालं होतं, हे तिच्या मनातून जाईना. त्या महिन्यात ती स्टँडवर गेली नाही.

जानेवारीत कंडक्टर स्वतः घरी आला. पाकिटात मजकूर नव्हता. एक नासलेली प्रत होती, अर्धी अक्षरं उडालेली. मागं तीच पेन्सिल. "ताई, दोनशेच्या पुढं अक्षर टिकत न्हाई. तुमची तीन हजार जायची. आमचं काय चुकतं?"

तिनं उत्तर लिहायला घेतलं. शेगडी, वीत, वीस आकडे. कागदावर ते खुळ्यासारखं वाटलं. तिनं तो फाडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच गाडीत बसली.

छापखाना म्हणजे पत्र्याची शेड होती. जाड भिंगांचा चष्मा लावलेले, पासष्टीचे एक गृहस्थ मशीनवर वाकले होते.

"कोन पायजे?" त्यांनी मशीनच्या आवाजावर ओरडून विचारलं.

"नेवाशाहून आले. प्रज्ञा."

त्यांनी मशीन बंद केलं. हात पुसले, चष्मा पुसला. "प्रज्ञाताई? तुमी व्हय! मला वाटलं, माझ्या वयाच्या बाई असत्याल. लिवनं तसं मोजून-मापून."

तिलाही ते पन्नाशीचे वाटले होते. ती हसली. तीन वर्षं या माणसाला ती रोज काहीतरी सांगत आली होती, आणि आता पहिल्यांदा त्याचा चेहरा बघत होती. ते म्हणाले, "ही आमची सून, ज्ञानेश्वरी." कम्प्युटरपुढची बावीस-तेवीसची मुलगी उभी राहिली.

"ताई, मी पुस्तकात दिलंय तसंच करते हो. तरी उडतात."

प्रज्ञानं प्लेट खिडकीपाशी नेली आणि एका अक्षरावरून बोट फिरवलं. बोटाला काळी पावडर लागली. तिला क्षणात कळलं. तुमचा प्रिंटरच या कामाचा नाही, असं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. दुपारच्या गाडीला पुन्हा पाकिटं सुरू झाली असती.

"विजेची शेगडी आहे का घरात?" तिनं विचारलं.

ज्ञानेश्वरीनं शेगडी आणली. प्रज्ञानं आधी स्वतः करून दाखवलं, मग प्लेट तिच्या हातात दिली आणि तिचे हात धरून अंतर दाखवलं. पहिली प्लेट आक्रसली. दुसरी जमली. कानिफनाथांनी ती मशीनवर चढवली, पाण्याचा बोळा फिरवला आणि मशीन सुरू केलं. पाचशे झाल्या. हजार झाल्या. त्यांनी प्रत उचलून दारातल्या उजेडात धरली.

"हे गुपित हुतं व्हय तुमचं?"

"गुपित कसलं. कुणी विचारलंच नव्हतं."

जेवायला रतनबाईंनी, म्हणजे कानिफनाथांच्या मंडळींनी, घरात नेलं. बाजरीची भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "घरी कोन कोन असतं?"

हा प्रश्न तिला पुष्कळांनी विचारला होता, आणि दर वेळी ती "भाऊ आहे पिंपरीला" म्हणायची. आज म्हणाली, "कोणी नाही. मीच."

रतनबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि न विचारता आणखी अर्धी भाकरी ताटात टाकली. "मंग ऱ्हा की आजचा दिस."

"चारची गाडी आहे."

निघताना कानिफनाथ स्टँडपर्यंत आले. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "ताई, कम्प्युटर घेतल्याचं तुमाला कळवायला पायजे हुतं. पेन्सिल घेऊन बसलो, पन हात धजला न्हाई." रतनबाईंनी दिलेली पेरूंची पिशवी त्यांनी खिडकीतून आत दिली. ती "असू द्या" म्हणाली. गाडीच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

फेब्रुवारीत एक प्रत आली. "अडीच हजार. अक्षर शाबूत." त्यानंतर काही आलं नाही. काही बिघडतच नव्हतं, तर ते तरी काय लिहिणार!

मार्चमध्ये ती प्रशांतकडे गेली. भावजय भारती चांगली होती, तिनं स्वतःचा पलंग दिला. पण सकाळी आठला सगळे आपापल्या कामाला जात आणि ती बंद फ्लॅटमध्ये वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसे. इथंही एकटंच असायचं तर निदान आपल्या घरात असावं, असं तिला वाटलं. तीन आठवड्यांनी ती परत आली.

पावसाळ्याच्या तोंडावर छगन पुन्हा दारात आला. "ताई, जो तो प्रिंटर घ्यायलाय आन् प्लेटा खराब म्हनून मला शिव्या देतोय. तुमी एकेका ठिकानी जाऊन दाखवाल का? जान्यायेन्याचं मी बघतो."

ती जाऊ लागली. शेवगाव, पाथर्डी, राहुरी. सकाळी पोचायचं, त्यांचा प्रिंटर बघायचा, शेगडी मागायची. दुपारपर्यंत प्लेट टिकायला लागे. लोक चहा देत, काही जेवूही घालत. ती इतकं नीट शिकवायची की दुसऱ्यांदा कुणाला बोलवावं लागत नसे.

दिवाळीनंतर श्रीगोंद्याला गेली, तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकून गाडी दोन तास उशिरा पोचली. तिथल्या छापखान्याचे मालक गोरक्षनाथ चाळिशीचे, बोलके होते. कारखान्याच्या सभेची पत्रकं त्यांना त्याच दिवशी द्यायची होती आणि लाईट नव्हती. ते जेवायला गेले. प्रज्ञा बंद मशीनशेजारी स्टुलावर बसून राहिली. बाहेरून उसाच्या गाड्या जात होत्या, एकामागून एक. तासाभरानं लाईट आली, गोरक्षनाथही परतले. तिनं एक प्लेट भाजून दाखवली, दुसरी त्यांच्याकडून भाजून घेतली आणि मशीनवर लावली. पत्रकं निघायला लागली.

गोरक्षनाथ खूश झाले. "बाई, आता परत कधी येनार तुमी?"

"गरज पडली की कळवा."

"पडंल का गरज?"

तिनं चालत्या मशीनवरची एक प्रत उचलून पाहिली. अक्षर स्वच्छ होतं.

"नाही पडणार," ती म्हणाली, आणि उरलेल्या प्लेटा पिशवीत सपाट ठेवून नगरच्या गाडीसाठी निघाली.