सावलीचं खळं

"आदी हिचं बघा, बाई." बीपीचा पट्टा मी पिशवीतून काढते न काढते, तोच वाडीतले म्हातारे बाबा बायकोचा हात पुढं करायचे.

मी नर्स, घोडेगावहून एसटीनं त्या डोंगरातल्या वाडीवर तपासणीला जायची. त्यांच्या बायकोची, आजीची, तब्येत ठणठणीत. तरी बाबा तिला गवताचा भारा उचलू द्यायचे नाहीत, नाचणीच्या भाकरी स्वतः थापायचे. वाडीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही चिडवायची. बाबा हसायचे नाहीत आणि स्वतःचा हातही द्यायचे नाहीत. "मला काय व्हतंय? माझं खळं शाबूत हाय."

खळं चंद्राला पडतं, एवढंच तुमच्यासारखं मलाही ठाऊक होतं. पावसाळा सरताना एका सकाळी बाबांनी मला पश्चिमेच्या कड्यावर नेलं. आजीही आली. ऊन पाठीवर होतं आणि समोरची दरी धुक्यानं काठोकाठ भरली होती.

त्या धुक्यात आमच्या तिघांच्या सावल्या उभ्या होत्या. उभ्याच म्हणते मी, माणसं असावीत तशा. माझ्या सावलीच्या डोक्याभोवती सप्तरंगी खळं होतं. मी सरकले, तेही सरकलं. बाकी दोन्ही सावल्या नुसत्या काळ्या.

आजीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बाबा म्हणाले, "ज्याला खळं न्हाई त्यो आदी जातो, आसं आमच्यात म्हणत्यात. हिच्या डोक्याला दिसतंय का?"

मी मान खाली घातली, त्यात त्यांना काय ते कळलं.

गेल्या हिवाळ्यात बाबाच गेले. बांधावर बसले होते, तिथंच कलंडले. मी भेटायला गेले तेव्हा आजी एकटीच चुलीपाशी होती. न राहवून मी म्हणाले, "बाबा तर म्हणायचे, त्यांचं खळं शाबूत आहे."

"कुटलं? त्यांच्या डोक्याला मला कदीच दिसलं न्हाई. माझ्याच दिसायचं."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

"धन्याबद्दल आसलं तोंडातनं काडावं का?" ती थांबली. "तुमाला कुणाचं दिसलं व्हतं?"

"माझं. फक्त माझं."

आजीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. ज्याचं खळं त्यालाच दिसतं, हे तिला कळलं होतं, मलाही कळलं होतं.

"मंजी त्यांना बी फकस्त त्यांचंच दिसत व्हतं," ती हळूच म्हणाली. "आन मी इतकी वर्सं, उठले की आदी त्यांचा श्वास चाललाय का बघायची. आता उठून काय बघू, बाई?"