मधली सोळा पानं

बँकेतून निवृत्त झालेल्या वसंतराव कर्णिकांचा उखा महाजनवर काडीचाही विश्वास नव्हता. उधन्याच्या मराठी वाचक मंडळात दर महिन्याला प्रत्येकानं आपण काय वाचलं ते सांगायचं, आणि साड्यांच्या कारखान्यात बारा तास लूम चालवणारा हा माणूस दर वेळी तीन-तीन पुस्तकं सांगायचा. मग झोपतो कधी? कुणीतरी याला गोष्टी पढवून पाठवत असणार, असा कर्णिकांचा पक्का संशय.

म्हणून त्यांनी स्वतःची एक जाडजूड कादंबरी मुद्दाम उखाला दिली. त्याच बैठकीत ते तिच्यावर अर्धा तास बोलले होते.

महिन्यानं उखानं ती साडीच्या तुकड्यात गुंडाळून परत आणली. कर्णिकांनी उलटून पाहिली. कुठं तेलाचा डाग नाही, पान दुमडलेलं नाही. उघडलीच नसणार. त्यांनी चारचौघांत विचारलं, "मधल्या भागात काय होतं, सांग बघू."

उखा सांगू लागला. थोरला भाऊ घर सोडून जातो, धाकटी बहीण त्याची पत्रं न वाचताच चुलीत घालते.

"हे पुस्तकात नाहीच," कर्णिक सगळ्यांकडे बघत म्हणाले.

"आहे ना, साहेब." उखा संकोचला. "ती सोळा पानं कडेनं जोडेल होती, छापखान्यात कापायची राहिली असतील. मी लूमवरच्या कात्रीनं कापली. चालेल ना?"

कर्णिकांनी पुस्तक पुन्हा साडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि वरून गाठ मारली.