हाय म्हणायची मुभा

ऑफिसात चहा देणाऱ्या मावशींनी जुन्या साहेबांना वर्षानुवर्षं "गुड मॉर्निंग, सर" म्हटलं. साहेबांनी कागदांतून मान कधी वर काढली नाही. मावशींना त्याचं काही वाटत नसे. म्हणायचं, कप ठेवायचा, निघायचं.

साहेब निवृत्त झाले आणि खुर्चीवर त्यांचा मुलगा आला. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना जमवलं. "आजपासून सर-बीर बंद! आपण एक कुटुंब. मला सरळ हाय म्हणायचं. मावशी, तुम्हीसुद्धा!"

मावशी हरभऱ्याच्या झाडावर चढल्या. घरी भांडी घासताना तो शब्द त्यांनी किती घोळवला! एवढासा शब्द, पण जीभ रेटेना. शेवटी एका सकाळी धीर करून म्हणून टाकला.

"हाय मावशी! हाऊ आर यू?" तो खुशीत म्हणाला.

मावशी ट्रे टेकवून गुडघ्याचं दुखणं सांगायला लागल्या. वर पाहिलं तर तो केव्हाच फोनवर बोलायला लागला होता.

"अगं आई, ते विचारत नसतात, नुसतं म्हणत असतात," मुलगी रात्री हसत म्हणाली. मावशीही हसल्या.

मग एक दिवस परदेशातून बडे पाहुणे आले. मावशी कप घेऊन आत गेल्या आणि सवयीने म्हणाल्या, "हाय!" एका म्हाताऱ्या पाहुण्याने भुवया उंचावल्या. धाकटे साहेब मोठ्यांदा हसले. "आमच्या मावशी जरा जास्तच मॉडर्न आहेत!" मग सगळेच हसले.

दुपारी ऑफिसच्या मॅडमनी बोलावून घेतलं. "पाहुण्यांना गुड मॉर्निंग सर म्हणावं, एवढं कळत नाही?"

"साहेबच म्हणाले होते, हाय म्हणा."

"ते आपल्या माणसांसाठी हो."

"पण तेही तिथेच बसले होते की. मी त्यांना बघून म्हटलं."

"मावशी, वाद नको. उद्यापासून तुम्ही वरच्या मजल्यावर. साफसफाई बघा."

वरच्या मजल्यावर जुन्या फायली आणि मोडक्या खुर्च्या. मावशी मूग गिळून फडका मारत राहिल्या. घर त्यांच्याच पगारावर चालायचं. धाकटे साहेब एकदा जिन्यात भेटले. "हाय मावशी! दिसत नाही हल्ली?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, का ठाऊक असून विसरले होते, देव जाणे. मावशी बाजूला सरल्या आणि वाट दिली.

पुढे मुलीला मुलाखतीचं बोलावणं आलं. निघताना तिने विचारलं, "आई, आत गेल्यावर काय म्हणू गं?"

"आधी गप्प राहा. समोरचा काय म्हणतो ते बघ, आणि त्याच्यापेक्षा थोडं खाली राहून बोल."

बोलून झाल्यावर मावशींना स्वतःचीच शिसारी आली. मुलगी चपला घालत होती. शब्द मागे घ्यायला वेळ होता, पण त्यांनी घेतले नाहीत.