अप्पांनी मोजलेली हवा

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांनाच भेटायला लातूरला निघाले होते आणि एसटी लोह्याच्या स्टँडवर उभी होती. त्यांच्या पत्नी महादेवीवहिनी एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, जेवून आडवे झाले ते उठलेच न्हाईत…" खिडकीतून झळ येत होती. बाहेर लिंबाची पानं हलत होती. हे वारं किती वेगाचं, हे आता कुणाला विचारायचं, असं काहीतरी वेडगळ माझ्या मनात आलं.

विश्वनाथअप्पांचं कामच ते होतं. मोठ्या इमारतींमधली एसीची हवा प्रत्येक खोलीत हवी तेवढी पोचते का ते मोजायचं आणि छतातल्या झडपा फिरवून कमी-जास्त सारखं करायचं. मशीन उगाच राबू नये, वीज वाया जाऊ नये. गल्लीतले लोक त्यांना एसी दुरुस्त करणारे समजत. अप्पा हसून हो म्हणत.

आमची ओळख नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात झाली. मी तिथं नवजात बाळांच्या वॉर्डात मुख्य सिस्टर होते. भिंतीकडच्या पाळण्यातली बाळं सारखी गार पडत आणि शेजारच्या खोलीत त्यांच्या आया घामानं भिजत. मोठं मशीन घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं, त्याआधी एकदा तपासावं म्हणून अप्पांना बोलावलं. पातळ कागदाची एक पट्टी छतातल्या हवेच्या जाळीखाली धरून ते उभे राहत. पट्टी हले, थांबे, पुन्हा हले… डोळे मिटून, तळहात वर करून ते कितीतरी वेळ तसेच असत. वॉर्डात तेव्हा इतकं शांत वाटे की बाळांचे श्वाससुद्धा त्या पट्टीवर उमटताहेत असा भास व्हावा.

"थंडी कमी न्हाई, सिस्टर," ते म्हणाले. "वाट चुकलीय तिची. मशीन मोठं आणलं तर ही लेकरं आणखी गारठतील."

तिसऱ्या दिवशी ते छतातून उतरले आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवरच बसले. काही वर्षांपूर्वी वॉर्डात मधली भिंत घातली, तेव्हा हवा पुन्हा मोजायला त्यांनाच बोलावलं होतं. त्याच आठवड्यात त्यांच्या लेकीचं लग्न होतं.

"झडप माझ्याच हातची हाय," ते म्हणाले. "मोजलं न्हाई मी. अंदाजानं सही केली…"

"अप्पा, इतकी वर्षं झाली. कुणाला कळणार आहे?"

भिंतीकडच्या पाळण्यात बिलोलीकडच्या एका बाईची, दिवस भरण्याआधी जन्मलेली मुलगी होती. तिच्याकडं बघत अप्पा म्हणाले, "मला कळलं की."

डॉक्टरांना त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "आता काय करायचं?"

"सगळी इमारत पुन्हा मोजू द्या मला."

त्यांनी ती मोजली, एकही खोली न सोडता. नवं मशीन आणावं लागलं नाही. होतं तेच पुरलं, तेही कमी वेळ चालवून. भिंतीकडची हवा मऊ झाली. काम संपल्यावरही अप्पा काही दिवस नांदेडातच राहिले, रोज येत आणि काचेबाहेर उभे राहत. एकदा त्या बाईनं मला विचारलं, "हे मोठे डॉक्टर हायत का ओ?" मी म्हटलं, "न्हाई बाई, हवा बघणारे हायत." तिला ते काय कळलं कोण जाणे, पण तिनं हात जोडले. अप्पांनी मान खाली घातली. मुलगी गुटगुटीत होऊन घरी गेली, त्या दिवशी मात्र ते आले नाहीत.

परवा वहिनींना भेटायला पुन्हा लातूरला गेले. अप्पांच्या घरी एसी नाही. ऊन उतरलं तशा वहिनी उठल्या. आधी त्यांनी पूर्वेची खिडकी सताड उघडली, मग पश्चिमेची उघडली, पण अर्धीच. बोटभर मागं घेतली, थांबल्या, पुन्हा थोडी पुढं लोटली.

"अर्धीच का हो?"

"काय म्हाइत. ते असंच करायचे," वहिनी म्हणाल्या आणि पडद्याकडं बघत राहिल्या. पडदा हळूच फुगला. मग खोलीभर, अगदी कोपऱ्यातल्या अप्पांच्या रिकाम्या बाजेपर्यंत, सारखं वारं आलं.